ग्रीन बिल्डिंगचा खरा आकडा: भिंत, काच आणि १५ वॅट

एपिसोड ऐकल्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट कळवली: "आकडे कानावरून गेले, लिहून दे." म्हणून हे लिखित रूप. बोलताना आलेले "अं", "म्हणजे" वगैरे काढलेत आणि गणितं नीट मांडलीत. लोकलमध्ये वाचत असाल तर गणिताच्या भागाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर कामाला येईल.

आजचा विषय आहे ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेट, आणि त्यातही एकच तुकडा: ऊर्जेची अट. बिल्डिंग "ग्रीन" ठरण्यासाठी ती किती वीज खाणार, किती उष्णता आत घेणार, याची एक परीक्षा असते. ही परीक्षा कशी घेतात, पास कसं होतात, आणि पास झालेल्या घरातही मे महिन्यात बेडरूमची भिंत रात्री दहा वाजता तव्यासारखी का लागू शकते, ते बघू.

मी काही आर्किटेक्ट नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअर लिहितो. या विषयात शिरलो कारण ठाण्यात आई-बाबांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीये. छप्पन्न घरं, चाळीस वर्षं जुनी बिल्डिंग. बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये एका स्लाइडवर झाडाचं पान होतं आणि खाली लिहिलेलं, "गोल्ड रेटेड ग्रीन होम्स". सगळ्यांनी मान डोलावली. मी विचारलं, "ऊर्जेच्या अटीत आकडा किती आलाय?" उत्तर आलं, "सर, सगळं नॉर्म्सप्रमाणे आहे." आमच्या धंद्यात कोणी "टेस्ट केलंय" म्हटलं की आपण रिपोर्ट मागतो. तेच इथे केलं.

आधी पाटी कोण देतं ते बघू

भारतात चार नावं वारंवार ऐकू येतात. आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, ही सीआयआयची संस्था, २००१ पासूनची. त्यांच्या पायऱ्या सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. दुसरी ग्रिहा, ही टेरी या संस्थेने तयार केलेली भारतीय पद्धत. तिथे एक ते पाच तारे. तिसरी लीड, ही अमेरिकेची. हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर हे २००४ साली सुरू झालं, आणि लीड प्लॅटिनम मिळवणारी ती अमेरिकेबाहेरची पहिली इमारत. तिथून हा शब्द आपल्याकडे रुजला. चौथी एज, ही जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसीची. तिचा नियम समजायला सगळ्यात सोपा: ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्यात दडलेली ऊर्जा, या तिन्हींत प्रत्येकी किमान २० टक्के बचत दाखवा.

पाटी कुठलीही असो, आत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, सक्तीच्या अटी. त्या पार केल्या नाहीत तर बाकी कितीही गुण असोत, सर्टिफिकेट नाही. दोन, ऐच्छिक गुण. ते जमवत जमवत सिल्व्हरचं गोल्ड होतं. ऊर्जेबाबत एक किमान पातळी सक्तीची असते, आणि त्याच्या वर जितकं चढाल तितके जास्त गुण.

आता गंमत बघा. गुण जमवायला ऊर्जा हा एकच रस्ता नाही. पावसाचं पाणी साठवलं, कमी पाण्याचे नळ बसवले, स्टेशन जवळ आहे, ई-गाडीचं चार्जिंग दिलं, लॉबीत एलईडी लावले, याचेही गुण मिळतात. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण दोन बिल्डिंगा दोन्ही गोल्ड असून, एकीची भिंत उन्हाला अडवणारी आणि दुसरीची किमान अटीपुरती, हे अगदी शक्य आहे. म्हणून पाटीचा रंग बघून थांबायचं नाही, ऊर्जेचा कागद वेगळा मागायचा.

परीक्षा घेण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत यादीची. भिंतीतून अमुक इतकीच उष्णता जावी, काच अशी असावी, छत असं असावं. प्रत्येक ओळीसमोर टिक. सोपी, पण ताठर.

दुसरी पद्धत जुळ्या भावाची. तुमच्या बिल्डिंगचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं. मग तिचाच एक जुळा भाऊ तयार करायचा: आकार तोच, मजले तेवढेच, माणसं तेवढीच, पण भिंत, काच, एसी, दिवे हे सगळं नियमात दिलेलं "स्टँडर्ड". दोघांना त्याच गावाच्या हवामानात वर्षभर पळवायचं. वर्षाचे ८,७६० तास, प्रत्येक तासाला हिशोब. शेवटी तुमची बिल्डिंग जुळ्या भावापेक्षा कमी ऊर्जा खाते का, ते बघायचं. यासाठी एनर्जीप्लस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने फुकट दिलेलं. माझ्यासारख्याला रविवार घालवायला उत्तम.

ऑफिस, मॉल, हॉस्पिटल अशा इमारतींसाठी भारताचा कोड आहे ईसीबीसी. केंद्र सरकारच्या बीईई या संस्थेने, म्हणजे फ्रीजवर तारे देणाऱ्याच संस्थेने, तो २००७ साली आणला आणि २०१७ साली सुधारला. १०० किलोवॅट किंवा जास्त कनेक्टेड लोड असेल, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२० केव्हीए किंवा जास्त असेल, तर ती इमारत या कोडच्या कक्षेत येते. त्यातला मुख्य आकडा ईपीआय. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागते, तो. तुमच्या इमारतीचा ईपीआय भागिले जुळ्या भावाचा ईपीआय, उत्तर १ किंवा कमी आलं पाहिजे. समजा तुमचा ९० आणि त्याचा १२०, तर गुणोत्तर ०.७५. पास, आणि चांगल्या मार्कांनी.

लीडमध्ये तत्त्व तेच, फक्त जुळा भाऊ अमेरिकेच्या ॲश्रे ९०.१ या मानकाप्रमाणे बनतो. लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतीने त्याच्यापेक्षा किमान ५ टक्के सरस असणं सक्तीचं आहे. एक बारकावा मला फार आवडला. जुळ्या भावाला चार दिशांना फिरवून, म्हणजे ०, ९०, १८० आणि २७० अंशांत उभा करून, चारही उत्तरांची सरासरी घेतात. का? म्हणजे तुम्ही बिल्डिंग मुळातच योग्य दिशेला तोंड करून बांधली असेल, तर त्या शहाणपणाचं फळ तुम्हाला मिळावं.

घरांसाठी एकच सूत्र: आरईटीव्ही

आता आपल्या कामाचा भाग. घरांसाठी बीईईचा वेगळा कोड आहे, इको निवास संहिता. पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि तो फक्त इमारतीच्या "कवचा"बद्दल आहे: बाहेरच्या भिंती, खिडक्या, छत. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलाय. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही कायद्याच्या चौकटीत आणल्या गेल्या. पण तुमच्या पालिकेत आज काय सक्तीचं आहे यावर अडून बसू नका. गणित सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि बिल्डिंग "ग्रीन" म्हणून विकली जात असेल तर ते मागण्यात गैर काही नाही.

मुख्य आकडा आहे आरईटीव्ही. सोप्या भाषेत: उन्हाळ्याच्या काळात बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून, कवचाच्या दर चौरस मीटरमागे, सरासरी किती वॅट उष्णता आत येते. मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर. थंड प्रदेश सोडून देशभर हीच. छत यात धरत नाहीत, त्याचा वेगळा नियम आहे, पुढे सांगतो.

सूत्रात तीनच तुकडे आहेत.

एक, भिंतीतून आत येणारी उष्णता.
दोन, काच गरम होऊन तिच्यातून आत झिरपणारी उष्णता.
तीन, काचेतून सरळ आत येणारं ऊन.

भिंतीसाठी लागतो यू-आकडा. भिंतीच्या आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून किती वॅट जातात, तो. कमी तितका चांगला. काचेसाठी लागतो एसएचजीसी: काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला किती हिस्सा आत येतो. ०.८ म्हणजे ८० टक्के आत.

मुंबई-ठाणे पट्टा उष्ण-दमट विभागात मोडतो. या विभागासाठी सूत्राचे गुणक आहेत ५.१५, १.३१ आणि ६५.२१. नागपूर संमिश्र हवामानात येतं, बेंगळुरू समशीतोष्ण, तिथले गुणक वेगळे. चला, हिशोब करू. सोपं जावं म्हणून दिशेचा फरक तूर्त बाजूला ठेवतो आणि बाहेरच्या भिंतीचा २० टक्के भाग खिडक्यांचा आहे असं धरतो.

उदाहरण १: सरळ काँक्रीटची भिंत, साधी काच

आजकाल उंच बिल्डिंगा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, ज्याला साइटवर सगळे "मायवन" म्हणतात. भिंत १५० मिलिमीटरची काँक्रीटची. तिचा यू-आकडा साधारण ३.७. साध्या एकेरी काचेचा यू ५.७, एसएचजीसी ०.८२.

भिंत: ५.१५ × ०.८ × ३.७ = १५.२
काचेतून झिरप: १.३१ × ०.२ × ५.७ = १.५
काचेतून ऊन: ६५.२१ × ०.२ × ०.८२ = १०.७
एकूण: २७.४

मर्यादा १५ ची. नुसत्या भिंतीनेच ती ओलांडली, खिडकीचा नंबर लागायच्या आधीच.

उदाहरण २: तीच भिंत, महागडी काच

सेल्स ऑफिसमध्ये "हाय परफॉर्मन्स ग्लास" हा शब्द ऐकला असेल. चला, एसएचजीसी ०.३ ची काच घेऊ.

ऊन: ६५.२१ × ०.२ × ०.३ = ३.९
एकूण: १५.२ + १.५ + ३.९ = २०.६

अजून नापास. काच कितीही भारी घ्या, भिंतीचे १५.२ तसेच राहतात.

उदाहरण ३: एएसी ब्लॉकची भिंत, साधी काच

एएसी म्हणजे ते हलके, पांढरट-करडे, आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले ब्लॉक. २०० मिलिमीटरच्या भिंतीचा यू साधारण ०.८.

भिंत: ५.१५ × ०.८ × ०.८ = ३.३
एकूण: ३.३ + १.५ + १०.७ = १५.५

साधीच काच, तरी जवळजवळ पास! अर्ध्या वॅटने हुकलं.

उदाहरण ४: वरच्यात फक्त छज्जा घाला

छज्जा उन्हाला काचेवर पडूच देत नाही. कोडमध्ये छज्जाच्या लांबीवरून काचेचा एसएचजीसी किती कमी धरायचा याचे तक्ते आहेत. समजा ०.८२ चा परिणाम ०.६ वर आला.

ऊन: ६५.२१ × ०.२ × ०.६ = ७.८
एकूण: ३.३ + १.५ + ७.८ = १२.६

पास. ना महाग काच, ना सेन्सर, ना ॲप. आजीच्या घराला होता तसा छज्जा.

उदाहरण ५: एएसी भिंत, पण जमिनीपासून छतापर्यंत काच

"फ्रेंच विंडो" छान दिसते, खरंय. खिडक्यांचा वाटा २० ऐवजी ४० टक्के करा, काच साधी, छज्जा नाही. एकूण येतं जवळजवळ २७. म्हणजे चांगल्या भिंतीची सगळी कमाई काचेने खाल्ली.

हे पाचही हिशोब एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतात. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये लॅपटॉपवर दाखवले तेव्हा चेअरमन काका म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला, तुला भिंतीतलं काय कळतं?" मी म्हटलं, "काका, मला नाही कळत. म्हणूनच बिल्डरच्या आर्किटेक्टकडून हा तक्ता भरून घेऊ. त्यांना कळतं ना?" त्यावर पहिल्यांदा सगळे गप्प झाले आणि मग एक काकू म्हणाल्या, "माझी बेडरूम पश्चिमेला येतेय. माझा आकडा वेगळा काढून दे."

काकूंचा प्रश्न बरोबर होता

आत्तापर्यंत दिशा बाजूला ठेवली होती. कोडमध्ये प्रत्येक दिशेला एक गुणक आहे. आपल्या अक्षांशावर उत्तरेचा साधारण ०.६६ आणि पश्चिमेचा १.१६. म्हणजे तीच खिडकी, तीच काच, उत्तरेऐवजी पश्चिमेला लावली की हिशोबात सुमारे पाऊणपट जास्त धरली जाते.

आणि आरईटीव्ही हा अख्ख्या बिल्डिंगचा सरासरी आकडा आहे. बिल्डिंग १४.८ ने पास झाली तरी पश्चिमेच्या फ्लॅटचं काय? सरासरीने नदीची खोली चार फूट असली तरी मध्ये माणूस बुडतो. वर काँक्रीट उष्णता साठवून ठेवतं. दुपारभर तापलेली भिंत ती उष्णता आत सोडते संध्याकाळी आणि रात्री, नेमकी आपण घरी असतो तेव्हा. म्हणून बिल्डिंगचा आकडा मागा, आणि सोबत पश्चिमेच्या भिंतीचा आणि तिथल्या छज्जाचा तपशीलही मागा.

छत, वारा आणि उजेड

कवचाच्या कोडमध्ये आणखी तीन अटी आहेत, आणि त्या आरईटीव्हीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

छत: यू-आकडा जास्तीत जास्त १.२. उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त असतो. गच्चीवर नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून १.२ गाठता येत नाही, वेगळं इन्सुलेशन लागतं. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

वारा: उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. ६० चौरस मीटरच्या घराला १० चौरस मीटर. आणि इथे स्लायडिंग खिडकी मार खाते. दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणून ५० टक्के धरतात. तीन पल्ल्यांची ६७ टक्के. बिजागरीवर उघडणारी ९० टक्के. म्हणजे काच न वाढवता, फक्त खिडकीचा प्रकार बदलून वारा जवळजवळ दुप्पट. काच वाढवली की ऊन वाढतं, हे आपण उदाहरण ५ मध्ये बघितलंच. बाल्कनीत उघडणारं दार हिशोबात धरतात, जिन्याकडे उघडणारं धरत नाहीत.

उजेड: काच इतकी काळी नको की भरदुपारी दिवे लावावे लागतील. खिडक्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के उजेड आत आला पाहिजे. म्हणजे गडद फिल्म चिकटवून आरईटीव्ही पास करायची पळवाट इथे बंद होते.

मग बिल्डर हे का टाळतो?

त्याला व्हिलन करून एपिसोड संपवणं सोपं होतं, पण त्याची बाजूही खरी आहे. मायवनने मजला पटापट चढतो, फिनिशिंग सरळ येतं, भिंत भक्कम असते. काही काँक्रीट भिंती बिल्डिंगचं वजन आणि भूकंपाचा धक्का पेलतात, त्या काढताच येत नाहीत. आणि जाडीचा प्रश्न आहे. १५० ची भिंत २०० मिलिमीटरची केली तर एका फ्लॅटच्या समजा २० मीटर बाहेरच्या भिंतीमागे एक चौरस मीटर जागा जाते. जवळजवळ ११ स्क्वेअर फूट. ठाण्याच्या भावात ११ फूट म्हणजे किती, ते तुम्हीच गुणा.

यावर मधला मार्ग आहे. काँक्रीट तसंच ठेवून बाहेरून किंवा आतून २५ मिलिमीटर इन्सुलेशनचा थर दिला, की यू-आकडा ३.७ वरून साधारण १ वर येतो. सूत्रात भिंतीचे १५.२ जाऊन ४.१ उरतात. कुठला थर, आगीच्या दृष्टीने सुरक्षित कुठला, पावसात टिकेल कसा, हे आर्किटेक्टचं काम. पण पर्याय आहे, एवढं आपल्याला माहीत हवं.

शिवाय बिल्डरला ग्रीन रेटिंगचा फायदाही मिळतो. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या यूडीसीपीआर नियमावलीत, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, आयजीबीसी सिल्व्हर किंवा ग्रिहाच्या तीन ताऱ्यांना मूळ एफएसआयच्या ३ टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५ टक्के, आणि प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७ टक्के वाढीव एफएसआयची तरतूद आहे. कबूल केलेलं रेटिंग शेवटी मिळालं नाही तर दंडाचीही तरतूद आहे. वाढीव बांधकाम पाटीच्या जोरावर मिळणार असेल, तर त्या पाटीमागचा ऊर्जेचा कागद रहिवाशांनी मागणं हा अगदी साधा व्यवहार आहे.

सर्टिफिकेट म्हणजे वीजबिल नाही

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. डिझाइनचं सर्टिफिकेट हा अंदाज असतो. मॉडेलमधली माणसं ठरलेल्या वेळी एसी लावतात, ठरलेल्या वेळी दिवे बंद करतात. खरी माणसं तशी वागत नाहीत.

२००८ साली अमेरिकेत न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने लीड मिळालेल्या १२१ इमारतींचा खरा वापर तपासला. सरासरी बरी निघाली. पण निम्म्याहून जास्त इमारती स्वतःच्याच डिझाइनच्या अंदाजापासून २५ टक्क्यांहून जास्त लांब होत्या. काही खूप चांगल्या, काही खूप वाईट. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: टेस्टिंगमध्ये हिरवं, प्रॉडक्शनमध्ये लाल.

म्हणून मॉडेलमधल्या अशा गोष्टींवर जास्त भर द्या ज्या माणसाच्या सवयीवर अवलंबून नाहीत. भिंत रोज आपोआप काम करते. छज्जाला रिमोट लागत नाही. एसी दहा वर्षांत बदलाल, दिवे पाच वर्षांत बदलाल. भिंत बदलायची तर पुन्हा रिडेव्हलपमेंट करावं लागेल.

काय मागायचं, आणि कधी

"कधी" आधी सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. नकाशे मंजुरीला जाण्याआधी आणि करारावर सही होण्याआधी. स्लॅब ओतल्यावर फक्त पडदे निवडायचे उरतात.

१. रेटिंगचं प्री-सर्टिफिकेशन झालंय की अंतिम? प्री म्हणजे ड्रॉइंगवर दिलेला कौल. अंतिम सर्टिफिकेट बांधून झाल्यावर. जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात.

२. ऊर्जेच्या अटीत कुठली पद्धत वापरली, यादीची की जुळ्या भावाची? किमान पातळीच्या वर किती?

३. आरईटीव्हीचा तक्ता. उत्तर नव्हे, तक्ता. भिंतीचा यू, काचेचा एसएचजीसी, खिडक्यांचा वाटा, चारही दिशा.

४. बाहेरच्या भिंतीचा छेद: कुठलं साहित्य, किती मिलिमीटर, प्लास्टरसकट.

५. खिडकीचा प्रकार आणि उघडणाऱ्या भागाची टक्केवारी.

६. गच्चीच्या स्लॅबचा यू-आकडा आणि इन्सुलेशनचं नाव.

७. लिफ्ट, पंप आणि कॉमन दिवे यांना वेगवेगळे मीटर. म्हणजे दोन वर्षांनी अंदाज आणि बिल शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

८. आणि हे सगळं करारनाम्याच्या तांत्रिक परिशिष्टात, आकड्यांसकट. "ग्रीन नॉर्म्सप्रमाणे" या शब्दांना करारात काही वजन नाही. "पश्चिमेच्या भिंतीचा यू-आकडा १ पेक्षा जास्त नाही" याला आहे.

नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्यांनाही यातले पहिले सहा प्रश्न जसेच्या तसे लागू आहेत. सेल्सवाल्या दादांना उत्तर येणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना म्हणा, "तुमच्या ग्रीन कन्सल्टंटला मेल करा, मी थांबतो." सर्टिफिकेटसाठी हा हिशोब कोणीतरी केलेलाच असतो. फाइल अस्तित्वात आहे, फक्त बाहेर यायची आहे.

आमच्या सोसायटीत काय झालं, हे एपिसोडनंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं. बिल्डरच्या आर्किटेक्टने तक्ता भरून दिला. पहिला आकडा १५ च्या वर होता. त्यांनी सांगितलं, वजन पेलणाऱ्या भिंती काँक्रीटच्याच राहतील, बाकीच्या बाहेरच्या भिंतींत एएसी बसवता येईल, आणि पश्चिमेला छज्जा वाढवता येईल. खर्च कोणी किती उचलायचा यावर वाटाघाटी सुरू आहेत. करारावर सही झालेली नाही. पण आता मीटिंगमध्ये कार्पेट, कॉर्पस आणि पार्किंगच्या जोडीला चौथा मुद्दा आलाय, भिंत. काकूंनी तर यू-आकडा वहीत लिहून ठेवलाय.

तुमच्या बिल्डिंगचे आकडे असतील तर या सूत्रात घालून बघा आणि कुठला तुकडा सगळ्यात मोठा येतो, भिंत की ऊन, ते कळवा. तिथेच आधी हात घालायचा. पुढच्या भागात बोलू एसीवरच्या ताऱ्यांबद्दल, आणि दर काही वर्षांनी तेच पाच तारे मिळवणं अवघड का होतं त्याबद्दल. तोवर पाणी पीत राहा, सावलीत राहा. भेटू!